गेजेरचा सातबारा कुणाच्या नावावर?

मागच्या अंकात कोकणातल्या बेने इस्रायल लोकांबद्दल लिहिताना इस्रायलमधल्या रामला शहराचा विषय निघाला. तिथे आजही मराठी बोलणारी घरं आहेत. जाता जाता मी लिहून गेले की रामलापासून आठ-नऊ किलोमीटरवर गेजेर नावाचं एक फार जुनं नगर मातीखाली आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर गेजेरलाच देऊन टाकते. पैठणी आणि पेशवाईवाल्यांनी महिनाभर थांबावं.

आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या बायबलमधलं यहोशवाचं पुस्तक वाचतो आहोत. सोळाव्या अध्यायात गेजेर एफ्राइम या इस्रायली वंशाच्या हद्दीत येतं. एकविसाव्यात तेच नगर लेवी या दुसऱ्या वंशाला दिलेलं आहे. आणि मधेच लिहिलं आहे की तिथल्या कनानी, म्हणजे आधीपासूनच्या, लोकांना त्यांनी घालवलंच नाही. मग गाव नक्की कुणाचं? — एक वाचक, शरणपूर रोड

तुमचा प्रश्न तलाठी कार्यालयातला आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसतो दुसरा आणि शेतसारा घेणारा तिसराच. गेजेरची अवस्था नेमकी अशी होती, आणि तुमच्या पुस्तकानं ती लपवलेली नाही याचं मला कौतुक वाटतं.

आधी तुमच्याकडचे कागद पाहू. दहाव्या अध्यायात गेजेरचा राजा होराम लाखीश या नगराच्या मदतीला धावून जातो आणि इस्रायली लोकांचा पुढारी यहोशवा त्याला मारतो. राजा मेला म्हणून नगर पडलं असं मात्र तिथे म्हटलेलं नाही. सोळाव्यात ते एफ्राइमच्या सीमेवर येतं. कनानी लोक तिथेच राहतात, वेठीला लावलेले असले तरी राहतातच. शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तीच कबुली पुन्हा आहे. एकविसाव्याची गोष्ट वेगळी. लेवी वंशाला स्वतंत्र मुलूख नव्हता, म्हणून बाकीच्या वंशांच्या वाट्यांतून त्यांना ४८ नगरं राहायला आणि त्याभोवतीची कुरणं गुरं चारायला काढून दिली. एफ्राइमच्या वाट्यातून चार गेली, त्यात गेजेर. म्हणजे हद्द एफ्राइमची, वहिवाट लेवींची आणि घरात कनानी. एकाच गटाला तीन नोंदी.

आता दुसऱ्या बाजूचे, म्हणजे इजिप्तचे कागद. ते यापेक्षा जुने आहेत. इसवी सनपूर्व पंधराव्या शतकात तिसऱ्या थुतमोसनं कार्नाकच्या देवळाच्या भिंतीवर जिंकलेल्या नगरांची यादी कोरवली, तीत गेजेर आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी गेजेरचे स्थानिक राजे इजिप्तच्या फारोला मातीच्या पाट्यांवर पत्रं लिहिताना दिसतात. या पाट्या १८८७ मध्ये अमार्ना इथे सापडल्या. पत्रांत काय आहे? फारोच्या पाया पडणं, शेजाऱ्याची चुगली आणि 'सैन्य पाठवा, नाहीतर गाव हातचं गेलं' ही विनवणी. मिल्किलू, यापाहू ही त्या राजांची नावं. पुढे इसवी सनपूर्व १२०८ च्या सुमाराला मर्नेप्ताह या फारोनं विजयाचा शिलालेख कोरवला. त्यात अश्कलोन नेलं, गेजेर पकडलं, यानोआम नाहीसं केलं, असं म्हणून लगेच इस्रायल उजाड झाल्याचा दावा आहे. बायबलबाहेर 'इस्रायल' हे नाव निर्विवादपणे येतं ते इथे पहिल्यांदा, आणि आमचं गेजेर त्याच्या शेजारच्याच ओळीत. या लेखातलं इस्रायल म्हणजे गाव किंवा देश नव्हे, लोक. इजिप्तच्या लिपीत नावापुढे खूण असते, त्यावरून हे कळतं. गेजेरपुढे नगराची खूण आहे आणि इस्रायलपुढे माणसांची.

मग सगळ्यांनाच हे एक गाव का हवं होतं? नकाशा काढून बसा. किनाऱ्यालगतचं सपाट मैदान संपून टेकड्या सुरू होतात, तिथे गेजेर. इजिप्तहून सीरियाकडे जाणारा व्यापारी मार्ग समोरून जातो, आणि समुद्राकडून यरुशलेमला चढणारी वाट अय्यालोनच्या खोऱ्यातून त्याच्या पायथ्याशी वळते. यरुशलेम तिथून तीसेक किलोमीटर. गेजेर ज्याच्या हातात, जकातनाका त्याच्या हातात. वंशांच्या वाटणीत ते कुणाच्या नावावर पडलं, याची वाटेवरच्या उंटाला काय पडलीय!

कागदावरचं दान आणि जमिनीवरची स्थिती यांतली तफावत पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. नाशिकच्या पांडवलेण्याच्या तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा कोरलेली आहे. उषवदाताच्या, म्हणजे सातवाहनांचा वैरी क्षत्रप नहपान याच्या जावयाच्या, ताब्यात असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत तो त्रिरश्मीवरच्या, म्हणजे याच डोंगरावरच्या, भिक्षूंना देतो. दहा नंबरच्या लेण्यात त्याच उषवदाताचे दानलेख आहेत, हे लक्षात ठेवून हे वाचा, म्हणजे सत्तापालटाची चव कळेल. पण खरी गंमत शेजारच्याच दुसऱ्या लेखात आहे, चोविसाव्या राज्यवर्षातल्या. त्यात म्हटलं आहे की आम्ही कखडी गावात शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्ती राहिलेली नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजकीय शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. राजाचं दान दगडावर कोरलं गेलं तरी शेत पडीक ते पडीकच. एफ्राइमचं गेजेर मला त्या कखडीच्या शेताच्या पंक्तीतलं वाटतं. फरक इतकाच की कखडी ओस होती आणि गेजेर गजबजलेलं.

एक गोष्ट मात्र गेजेरकडे आहे जी त्या भागातल्या फार थोड्या जुन्या गावांना लाभली. फ्रेंच संशोधक शार्ल क्लेर्मोन-गानो यानं १८७१ मध्ये एका मध्ययुगीन अरबी बखरीतला उल्लेख पकडून ही टेकडी म्हणजेच गेजेर असं सांगितलं. लोकांनी मान डोलावली, पुरावा मागितला. १८७४ मध्ये त्याला टेकडीच्या आजूबाजूच्या शेतांतल्या खडकांवर अक्षरं सापडली: हिब्रूत 'गेजेरची हद्द' आणि ग्रीकमध्ये 'अल्कियोसची'. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकाच्या आसपासच्या या खुणा. असे लेख पुढे आणखी मिळत गेले. गावानं स्वतःचं नाव स्वतःच्या शिवेवर लिहून ठेवलेलं. मोजणीदाराला याहून काय हवं? अल्कियोस हा त्या वेळचा जमीनमालक किंवा अधिकारी असावा. म्हणजे नोंद क्रमांक चार, आणि नाव चक्क ग्रीक.

ताई, गेजेरला शेतकऱ्याचं पंचांग सापडलं असं मुलानं मोबाइलवर दाखवलं. त्यात द्राक्षाला दोन महिने दिलेत म्हणे. आमच्या इकडे तर बाग वर्षभर माणसाला सोडत नाही. हे दोन महिने छाटणीचे की काढणीचे? — एक बागाईतदार, निफाड

दादा, या प्रश्नावर मोठमोठ्या पंडितांचं एकमत नाही. तुमच्यासारख्या माणसानं विचारला म्हणून मला जास्त आनंद झाला.

आधी वस्तू सांगते. तळहातावर मावेल एवढी चुनखडीची पाटी, जेमतेम ११ सेंटिमीटर उंच आणि ७ रुंद. १९०८ मध्ये मॅकॅलिस्टर नावाच्या आयरिश उत्खननकाराला ती मिळाली. अक्षरवळणावरून ती इसवी सनपूर्व दहाव्या शतकातली धरतात. सात आडव्या ओळी आणि कडेला उभं एक नाव, बहुधा अबिया. पाटी पुसून पुसून पुन्हा लिहिलेली दिसते, म्हणून कुणाला ती शाळकरी पोराची पाटी वाटते. सलग वाचलं तर वर्ष असं जातं: दोन महिने गोळा करणं, दोन महिने पेरणी, दोन महिने उशिराची पेरणी, एक महिना जवस काढणं, एक महिना जवाची कापणी, एक महिना कापणी आणि मापणी, दोन महिने द्राक्षवेल, एक महिना उन्हाळी फळं. बेरीज बारा. राजा नाही, देव नाही, सण नाही. नुसतं काम.

आता तिथला पाऊस लक्षात घ्या. आपला जूनला येतो, त्यांचा ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत तुटक तुटक पडतो. मे ते सप्टेंबर कोरडाठाक. म्हणून त्यांचं वर्ष आपल्या भाद्रपद-आश्विनात सुरू होतं. पहिले दोन महिने ऑलिव्ह गोळा करायचे, मग पाऊस पडला की गहू-जवाची पेरणी, मग मागास पेरणी. जवस मार्चमध्ये, जव एप्रिलमध्ये, गहू मे महिन्यात घरी. असं मोजत गेलं की द्राक्षाचे दोन महिने जून-जुलैवर येतात आणि अंजिरासारखी उन्हाळी फळं ऑगस्टमध्ये.

पेच इथेच आहे. त्या हवेत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि मोठी छाटणी ती झोपेत असताना, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला होते. आपल्याकडे वेलीला झोपवण्याएवढी थंडीच नाही, म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतो. त्यांची एकच छाटणी, तीही भर हिवाळ्यात. मग जून-जुलैत छाटणी कसली? काही अभ्यासक म्हणतात, ही छाटणी नव्हेच, लवकर येणाऱ्या द्राक्षांची तोडणी असणार. काही म्हणतात, उन्हाळ्यातली हिरवी छाटणी.

माझं मत दुसऱ्या बाजूला पडतं, आणि ते पुस्तकावरून नाही. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. छाटणी म्हणजे कात्री घेऊन काड्या पाडण्याचे चार-सहा दिवस, असं फक्त बाग लांबून पाहणाऱ्याला वाटतं. पुढचं काम कोण करतं? फेलफूट काढायची, शेंडे खुडायचे, घडावरची पानं विरळ करायची, नको ते घड उतरवायचे. ज्या हवेत जून ते ऑगस्ट एक थेंब पडत नाही, तिथे फुकट फुटवे वाढू दिले तर जमिनीतली ओल ती पानंच पिऊन टाकणार आणि मणी फुगणार नाही. कोरडवाहू वेलीला हे दोन महिने जिवावरचे. हिवाळ्यातली छाटणी पाटीत वेगळी लिहिलेली नाही, कारण त्या दिवसांत मागास पेरणीचं मोठं काम चालू असतं. पाटीत त्या त्या महिन्याचं मुख्य काम तेवढं आहे. तोडणीच म्हणावी तर मुख्य द्राक्ष तिथे जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पिकतं, त्यामुळे जूनचं गणित बसत नाही. तुम्हाला हे पटतंय का, मला जरूर कळवा. या बाबतीत निफाडचा शब्द मी विद्यापीठाच्या वर धरीन.

आणखी एक. तुम्ही रात्री-बेरात्री उठून डावणीची फवारणी करता ना? गेजेरच्या शेतकऱ्याला डावणीही माहीत नव्हती आणि भुरीही. हे दोन्ही रोग मूळचे अमेरिकेतले. भुरी १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये दिसली, डावणी १८७८ मध्ये फ्रान्समध्ये. तोवर जुन्या जगातल्या वेलींनी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. द्राक्ष तुडवायचे खडकात कोरलेले हौद मात्र गेजेरच्या आसपास बरेच आहेत. माल खायचा कमी आणि प्यायचा जास्त असावा. या बाबतीत नाशिक अलीकडे त्यांच्या वळणावर चाललं आहे, असं आमच्या घरातली ज्येष्ठ मंडळी नाक मुरडून सांगतात.

मॅडम, शलमोनानं बांधलेली गेजेरची वेस सापडली, असा एक व्हिडिओ पाहिला. दुसऱ्यात ती शलमोनाची नाहीच असं म्हटलंय. परीक्षेत काय लिहू? — एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

परीक्षेत दोन्ही लिही, मार्क दोन्हीचे मिळतील. पण गोष्ट नीट ऐक, पुरातत्त्वातली ही माझी आवडती चोर-पोलीस कथा आहे.

बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात इस्रायलचा राजा शलमोन यानं हासोर, मगिद्दो आणि गेजेर ही नगरं बांधल्याचं एका दमात सांगितलं आहे. १९५७ मध्ये यिगाएल यादिन हा पुरातत्त्वज्ञ हासोर खणत होता. तिथे त्याला वेशीचा दरवाजा मिळाला, आत जाताना दोन्ही अंगांना तीन-तीन देवड्या. मगिद्दोला तसाच दरवाजा आधीच माहीत होता. यादिननं विचार केला, बायबल खरं सांगत असेल तर तिसरा गेजेरला असायला हवा. तो गेजेरला खणायला गेला नाही, ग्रंथालयात गेला. मॅकॅलिस्टरचा १९१२ चा तीन खंडी अहवाल उघडला आणि त्यातल्या एका आराखड्यावर बोट ठेवलं. मॅकॅलिस्टरनं ज्याला मक्काबी काळातला, म्हणजे शलमोनाच्या कितीतरी शतकं नंतरचा, वाडा म्हटलं होतं, त्याचा एक भाग चक्क अर्धा दरवाजा होता, तीन देवड्यांचा. मॅकॅलिस्टरनं तो पन्नास वर्षांपूर्वी खणला, मोजला, छापला, आणि ओळखला नाही. यादिननं १९५८ मध्ये हे जाहीर केलं. नंतर विल्यम डिव्हरच्या चमूनं उरलेला अर्धा भाग मोकळा केला तेव्हा सहा देवड्या पूर्ण झाल्या. लांबी १९ मीटरच्या घरात, रुंदी १६ च्या आसपास.

मॅकॅलिस्टर चुकला कसा? त्याची खणण्याची रीतच तशी. टेकडीवर आडवे ४० फूट रुंदीचे पट्टे आखायचे, एक पट्टा खडकापर्यंत खणायचा आणि पुढच्याची माती मागच्यात ओतायची. देखरेखीला जवळजवळ तो एकटा, हाताखाली मजुरांचा तांडा. कुठला थर कुठल्या थरावर, हे कायमचं विस्कटलं. आपल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ मध्ये काम केलं ते यानंतरच्या पिढीचं. लहान खड्डे, थरांच्या रेघा आणि खापरापुढे थराचा आकडा. १९५५ चा त्यांचा अहवाल मिळाला तर चाळून बघ, नुसती चित्रं पाहिलीस तरी फरक कळेल.

आता दुसऱ्या व्हिडिओचं. इस्रायल फिंकेलस्टाइन या पुरातत्त्वज्ञानं १९९६ मध्ये मांडलं की या तथाकथित शलमोनी थरांचा काळ पाऊणशे ते शंभर वर्षांनी खाली, म्हणजे इसवी सनपूर्व नवव्या शतकात आणायला हवा. तसं केलं की वेशी शलमोनानंतरच्या, उत्तरेकडच्या इस्रायल राज्यातल्या ओम्री घराण्याच्या ठरतात आणि शलमोनाच्या हातून जातात. यावर लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे बाकी राहिले. २०२३ मध्ये गेजेरच्या थरांतल्या धान्य-बियांच्या कार्बन तारखा प्रसिद्ध झाल्या, त्या दहाव्या शतकाला धरून आहेत. म्हणजे वेस शलमोनाच्या काळात बसू शकते. 'बसू शकते' आणि 'त्यानंच बांधली' यांत फरक आहे, कारण दगडावर कुणाचं नाव नाही. हे वाक्य परीक्षेत जसंच्या तसं लिहिलंस तरी चालेल.

गेजेरला लहान मुलांचे बळी देत होते आणि त्यांची हाडं मडक्यांत सापडली, हे खरं का? वाचून झोप लागली नाही. — एक वाचक, सिडको

शांत झोपा. मडकी खरी, बळी नाही.

गेजेरच्या टेकडीवर दहा उंच दगड ओळीनं उभे आहेत, दक्षिणोत्तर. सर्वांत उंच तीन मीटरहून जास्त. साधारण इसवी सनपूर्व १६०० चे. शेजारी एक मोठा चौकोनी दगड, मध्ये खोलगट हौदासारखा खड्डा. त्या परिसरात मॅकॅलिस्टरला अर्भकांची हाडं ठेवलेल्या घागरी मिळाल्या. त्याच्या डोक्यात बायबलमधला कनानी लोकांच्या बालबळींचा निषेध पक्का होता. त्यानं दोन आणि दोन पाच केले.

हाच पुरावा आपल्या मातीत वेगळ्या रीतीनं वाचला गेला. नेवाशाला आणि इनामगावला जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली आहेत. दोन घागरी तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या आणि आत बाळ. तिथे कुणाला बळीची शंका आली नाही. ज्या काळात कितीतरी मुलं तान्हेपणीच जात, त्या काळातल्या आईबापांनी बाळाला घराबाहेर न नेता पायाखालच्या जमिनीत, आपल्याजवळ ठेवलं. गेजेरच्या घागरीही अशाच घरगुती दफनाच्या, हे आता सर्वसाधारणपणे मानलं जातं. दगडांच्या रांगेचं म्हणाल तर ती पूजेची जागा असेल, किंवा निरनिराळ्या गावांनी-कुळांनी एकत्र येऊन करार केला त्याची साक्ष असेल. दुसरी कल्पना मला जास्त आवडते, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

फारोनं मुलीला अख्खं नगर आंदण दिलं? — एक वाचक, सिन्नर

दिलं, पण आधी जाळून. पहिल्या राजांत तसंच लिहिलं आहे: फारोनं गेजेर घेतलं, आगीत जाळलं, कनानी रहिवासी मारले आणि मग ते शलमोनाशी लग्न झालेल्या लेकीला दिलं. शलमोनानं ते पुन्हा बांधून काढलं. सासऱ्यानं जावयाला दिलेलं घर दुरुस्तीला निघालेलं होतं, एवढंच म्हणता येईल. फारोचं नाव तिथे नाही, पण बरेच अभ्यासक सियामूनकडे बोट दाखवतात. बायबलच्या हिशेबात कनानी लोकांचा ताबा इथे संपला, तोही इस्रायलच्या वंशांच्या हातून नव्हे, परक्या राजाच्या हातून.

बायकांच्या देण्याघेण्यात गेजेर याआधीही येतं. अमार्नाच्या पाट्यांत फारोचं मिल्किलूला एक पत्र आहे. सोनं, चांदी, वस्त्रं पाठवतो आहे, बदल्यात ४० सुंदर, निर्दोष दासी पाठव, मद्याचे पेले भरायला, एकीचा भाव ४० शेकेल (त्या काळचं वजन) चांदी. खाली रीतसर हिशेब. त्या चाळीस जणींचं पुढे काय झालं, हे कुठल्याच पाटीवर नाही.

अलिबागकडची आमची एक मैत्रीण रामलाला असते. तिच्याकडे गेलो तर गेजेर पाहता येईल का? काय बघायचं? — एक वाचक, इंदिरानगर

टेकडी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे. प्रवासाची परिस्थिती तिथल्या माणसाला विचारूनच ठरवा. मैत्रीण आहे म्हणजे प्रश्न मिटला. तिला मराठीतच विचारा.

बघायचं ते उभे दगड, सहा देवड्यांची वेस आणि खडकात खोल उतरत गेलेला पायऱ्यांचा बोगदा. वेढा पडला तर गावाला आतूनच पाणी मिळावं म्हणून तो खोदला. तोही मॅकॅलिस्टरनंच आधी मोकळा केला होता, नंतर पुन्हा बुजला आणि २०१० पासून परत साफ केला गेला. केव्हाचा, यावर वाद आहे, पण खोदणाऱ्याच्या जिद्दीवर नाही. वर उभं राहिलं की पश्चिमेला मैदान आणि पूर्वेला यहूदाचे डोंगर एका नजरेत येतात. हे गाव कुणालाच का सोडवेना, ते तिथे दोन मिनिटांत कळेल. टेकडीच्या उतारावर १९४८ च्या युद्धापर्यंत अबू शुशा नावाचं अरब गाव नांदत होतं, तेही नजरेआड करू नका. पायथ्याचा गेजेर किबुत्झ, म्हणजे ज्यूंची सामूहिक शेतीची वसाहत, १९४५ चा.

निफाडच्या दादांची ती पाटी मात्र तिथे शोधू नका. १९०८ मध्ये हा मुलूख तुर्की सुलतानाचा होता, त्यामुळे ती इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेली, आजही तिथेच आहे. विमान बदलायला इस्तंबूलला थांबणार असाल तर अर्धा दिवस हाताशी ठेवा.